बीटलचा दुमजली अमेरिकन बंपर काढून युरोपियन पद्धतीचा पुढचा बंपर बसवायचा आहे

टिळकवाडी_बीटल

नमस्कार मंडळी. गाडी फोक्सवॅगन बीटल, १९६६ मॉडेल, उजव्या हाताचं स्टिअरिंग, सहा व्होल्टची वायरिंग. पुढे अमेरिकन बंपर आहे. खाली क्रोमची पट्टी, तिच्यावर दोन उंच ओव्हररायडर (पट्टीवर उभे बसवलेले तुकडे) आणि त्यांना जोडणारा नळीचा दांडा. तो काढून युरोपात यायचा तसला साधा बंपर लावायचा विचार आहे, म्हणजे एकच गोलसर पट्टी आणि दोन बुटके ओव्हररायडर.

यासाठी बॉडीत किंवा मडगार्डात काही कापाकापी लागेल का? आत्ताचे ब्रॅकेट चालतील का? आहे त्याच पट्टीची जादा भोकं बुजवून क्रोम करून घ्यावं, की स्टेनलेसची नवी पट्टी मागवावी? आणि ऑनलाइन ‘युरोपा बंपर’ नावाने एक सेट स्वस्तात दिसतोय, तो घ्यायला हरकत आहे का? पट्टी सरळ आहे, पण डाव्या टोकाला क्रोमला फोड आलेत. गाडी आधी बरीच वर्षं गोव्यात होती.

निपाणीकर_मडगार्ड

दादा, तो युरोपा बंपर अजिबात घेऊ नका. नावावरून घोटाळा व्हायलाय तुमचा.

१९६७ च्या जुलैपर्यंतच्या बीटलला गोलसर पट्टीचा बंपर यायचा. ऑगस्ट १९६७ पासून, म्हणजे १९६८ च्या मॉडेलपासून, पुढचं मागचं सगळंच बदललं. बंपर चौकोनी पेटीसारखा आणि वर चढवलेला, हेडलाइट उभे, मडगार्ड वेगळे, पुढचं बॉनेट आखूड, खालचा नाकाचा पत्राही वेगळा. ‘युरोपा’ म्हणून विकायलेत तो हा नंतरचा चौकोनी बंपर. त्याचे ब्रॅकेट मडगार्डातून जिथून बाहेर येतात ती खाच तुमच्या मडगार्डात नाहीच. तो बसवायचा म्हणजे मडगार्ड फाडायचे किंवा दोन्ही बदलायचे. काय ओ, एका बंपरसाठी नाकाचा सगळा चेहरा बदलायलात काय?

तुम्हाला पाहिजे तो १९६७ पर्यंतचा युरोपियन पट्टीचा बंपर. विक्रेत्याला ‘बीटलचा युरोपियन बंपर’ एवढंच सांगू नका. मॉडेलचं वर्ष सांगा, पट्टी गोल की चौकोनी ते विचारा आणि पट्टीचा मागच्या बाजूने काढलेला फोटो मागा.

वर्षाची खात्री आरसीवरून करू नका. आरसीवर बऱ्याचदा इकडे नोंदणी झाली ते वर्ष असतंय. चेसिस नंबर बघा. मागची सीट उचलली की मधल्या बोगद्यावर ठोकलेला असतोय आणि पुढे स्पेअर चाकामागच्या पट्टीवरही असतोय. १९६५ मॉडेलपासून नंबर नऊ आकड्यांचा. पहिले दोन ११ म्हणजे साधी बीटल सेडान, तिसरा आकडा मॉडेलचं वर्ष. ११६ ने सुरू होत असेल तर १९६६, ११७ असेल तर १९६७, ११८ असेल तर बदललेली गाडी. ऑगस्टमध्ये नवं मॉडेल सुरू व्हायचं, म्हणून ऑगस्ट १९६५ नंतर बनलेली गाडीसुद्धा १९६६ चीच धरायची.

नुसत्या हेडलाइटवरून ठरवू नका. अमेरिकेसाठीच्या १९६७ मॉडेलला उभे हेडलाइट होते, बंपर मात्र जुना गोल. शिवाय साठ वर्षांत कुणी कुठलं मडगार्ड चढवलं असेल सांगता येत नाही. हेडलाइटची काच मडगार्डाच्या उतारासारखी मागे झुकलेली असेल तर मडगार्ड जुने.

उद्यमबाग_फिटर

निपाणीकरांनी सांगितलं ते आधी तपासा. नंबर ११६ चा आणि मडगार्ड मूळचे असतील तर बॉडीला किंवा मडगार्डाला कुठेही ग्राइंडर लावायची गरज नाही. बंपरचे ब्रॅकेट मडगार्डातल्या खाचेतून आत जातात आणि चाकाच्या कमानीतून बॉडीला बोल्टने बसतात. काम सगळं तिथेच.

काढणी. पुढची बाजू उचलून दोन्हीकडे स्टँड द्या, चाकं काढा. बीटलच्या मूळ जॅकवर आणि पायपट्टीखालच्या जॅकच्या भोकावर भरवसा ठेवू नका. बाहेरून शाबूत दिसते, आतून कुजलेली असते. पुढच्या ॲक्सल बीमखाली लाकूड घालून ट्रॉली जॅक लावा. हातात वेळ असेल तर आदल्या दोन रात्री बोल्टांच्या मुळाशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. बोल्ट आठ एमएमचे आहेत. गाडी जुनी असल्याने डोकं १४ चं असू शकतं, कुणी मध्ये बदलले असतील तर १३ चं. दोन्ही पाने जवळ असू द्या, १४ च्या डोक्यावर फाकलेला पाना लावलात की कोपरे गेले म्हणून समजा. आधी किंचित आवळायच्या दिशेला हलवा, कट्ट आवाज आला की मग सोडवा. अर्धा फेरा सोडला की पाव फेरा परत आवळा, तेल मारा, पुन्हा सोडा. एका दमात सोडवायला गेलात तर बोल्ट तुटणार किंवा आतला नट फिरायला लागणार.

बोल्ट निघाले की पट्टी, दांडा आणि ब्रॅकेट सगळं एकत्र पुढे ओढून काढा. दोघं लागतील. एकट्याने ओढलं तर पट्टीचं टोक मडगार्डाला घासून रंग नेणार. मडगार्डाच्या कडेला जाड मास्किंग टेपचे दोन-तीन थर आधीच लावा. दांड्याचे आधार कुठे-कुठे टेकलेत त्याचे फोटो काढून ठेवा. हा सेट फेकू नका. पूर्ण अमेरिकन सेटला गिऱ्हाईक असतं आणि पुढेमागे गाडी विकताना तो मागितला जातो.

आता ब्रॅकेट. नवे मागवायच्या आधी आहेत ते साफ करून सपाट लाद्यावर शेजारी ठेवा. डावा-उजवा एकमेकांचे आरसे असायला पाहिजेत. एकावर दुसरा उलटा ठेवून भोकांतून सळई घाला, सगळी भोकं जुळली तर उत्तम. ५ मिमीच्यावर फरक दिसला तर कधीतरी ठोकर बसली आहे. हायड्रॉलिक प्रेसवर थंडच सरळ करून घ्या. गॅसवर लाल करून ठोकू नका. वाकलेली जागा मऊ पडते आणि पुन्हा तिथेच वाकते. बाकाजवळ केसासारखी चीर असेल तर ब्रॅकेट बाद. चीर दिसत नसेल तर वायर ब्रश मारून रॉकेल लावा, पुसून वर खडूची पूड टाका. चिरेत शिरलेलं रॉकेल खडूवर रेघ काढतं.

मग नवी पट्टी जुन्या ब्रॅकेटवर सैल लावून बघा. भोकं जुळली आणि पट्टी मडगार्डापासून सारख्या अंतरावर बसली तर तेच वापरा. जुळली नाहीत तर पट्टीत नवीन भोक पाडू नका, ब्रॅकेट बदला. क्रोमच्या पट्टीत ड्रिल मारलं की भोकाच्या कडेने निकेल उचकटतं आणि पहिल्याच पावसाळ्यात तिथून तांबडं पाणी गळायला लागतं.

ब्रॅकेट बनवून घ्यायची वेळ आली तर आपल्याकडे अडचण नाही. बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छेत लेझर कटिंगवाले कमी नाहीत. पुठ्ठ्याचा फर्मा करा, तो गाडीवर लावून बघा आणि मगच पत्रा कापा. ५ किंवा ६ मिमीचा माइल्ड स्टील पत्रा पुरे. बाकाची आतली त्रिज्या पत्र्याच्या जाडीपेक्षा कमी ठेवू नका, नाहीतर बाहेरच्या अंगाने चीर पडते. बोल्टची भोकं ९ मिमी. पट्टीकडची दोन भोकं लांबट, ९ बाय १८, म्हणजे मागे-पुढे सरकवायला जागा राहते. फाइल देताना ‘एक डावा, एक उजवा’ असं लिहूनच द्या. ‘दोन नग’ एवढंच सांगितलं की दोन्ही डावे वाकवून हातात येतात.

मजबूत पाहिजे म्हणून १० मिमीचा पत्रा घालू नका. ठोकर बसली तर आधी ब्रॅकेट वाकला पाहिजे. तो वाकला नाही तर जोर थेट बॉडीच्या पत्र्यावर जातो आणि स्पेअर चाकाची विहीर चिमटते. ब्रॅकेट बदलणं अर्ध्या दिवसाचं काम आहे, विहिरीचा पत्रा सरळ करणं म्हणजे गाडीचं अख्खं नाक खोलणं.

बसवताना क्रम असा: आधी ब्रॅकेटवर मडगार्डाच्या खाचेचं रबर चढवा, कारण पट्टी लावल्यावर ते चढत नाही. रबराला साबणाचं पाणी लावा, ग्रीस नको, ग्रीसने रबर फुगतं. ब्रॅकेट आत घालून बॉडीचे बोल्ट हाताने दोन-तीन आटे पकडतील एवढेच लावा. पट्टी ब्रॅकेटवर सैल. ओव्हररायडर आणि पट्टी यांच्यामध्ये रबराची पट्टी घालायची विसरू नका, धातू धातूवर घासला की तिथला क्रोम पहिला जातो. आता माप. जमिनीपासून उंची मोजून उपयोग नाही, आपल्या शेडची फरशी सपाट असेलच असं नाही आणि टायरची हवाही फसवते. बॉडीवरच्या दोन सारख्या जागा धरा. बॉनेटच्या खालच्या कोपऱ्यापासून पट्टीच्या वरच्या कडेपर्यंत, आणि मडगार्डाच्या पुढच्या फुगीर भागापासून पट्टीच्या आतल्या अंगापर्यंत. डावं-उजवं ३ मिमीच्या आत आलं की पुरे. त्याहून बारीक साधायला जाऊ नका, त्या काळच्या बॉडीचे दोन मडगार्डसुद्धा तेवढे सारखे नसतात. शेवटी १० पावलं मागे जाऊन उकिडवं बसून डोळ्याने बघा. टेपपेक्षा डोळा बरा.

आवळताना आधी बॉडीचे बोल्ट, मग पट्टीचे, शेवटी ओव्हररायडर. आठ एमएमच्या ८.८ ग्रेड (बोल्टच्या मजबुतीचा आकडा) बोल्टला २० ते २५ न्यूटन-मीटर बास. प्रत्येक बोल्टला रुंद वॉशर आणि स्प्रिंग वॉशर. पट्टीची टोकं दोन्ही हातांनी मडगार्डाकडे दाबून बघा, दाबल्यावरही बोट जाईल एवढी फट राहिली पाहिजे. चोर्ला घाटातून गाडी चालते तेव्हा मडगार्ड आणि बंपर वेगवेगळे हलतात. फट कमी असेल तर मडगार्डाचा रंग दोन-चार फेऱ्यांत सोलतो. पाचेकशे किलोमीटर झाल्यावर सगळे बोल्ट एकदा परत तपासा, नवीन रबर बसतं आणि बोल्ट ढिले पडतात.

टिळकवाडी_बीटल

नंबर ११६ नेच सुरू होतोय, मडगार्डही झुकलेल्या हेडलाइटचेच आहेत. फिटर दादा, भरपूर उपयोग झाला. एक अडचण: उजव्या बाजूचा एक बोल्ट फिरतोय पण बाहेर येत नाही. आतला नट फिरतोय असं वाटतंय. शेजारचे गॅरेजवाले म्हणायलेत गॅस मारून तापवू. मारू द्यावं का? आणि क्रोमचं कुणीतरी सांगा.

उद्यमबाग_फिटर

गॅस नको! बीटलची पेट्रोलची टाकी पुढच्या बॉनेटखाली, स्पेअर चाकाच्या लगेच मागे असते. तापवायचं किंवा वेल्डिंग करायचं तर टाकी आधी बाहेर काढायची. नुसतं पेट्रोल उपसून भागत नाही, रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची. शिवाय चाकाच्या कमानीत जुना डांबराचा थर असतो, तो पेटतो आणि विझवायला जागा मिळत नाही. वेल्डिंग असेल तर बॅटरीही सोडा, ती मागच्या सीटखाली असते.

फिरणाऱ्या नटाला आधी हे करून बघा. बोल्टच्या डोक्यामागे पातळ छिन्नी किंवा टायरची पट्टी घालून बोल्ट बाहेर ताणून धरा आणि पाना फिरवा. ताणामुळे नट पत्र्यामागच्या त्याच्या पिंजऱ्यात अडकतो आणि निम्म्या वेळा निघतो. नाही निघाला तर बोल्टचं डोकं कापा, ब्रॅकेट मोकळा करा आणि बोल्टचा उरलेला दांडा नटासकट आत ढकला. ठिणग्या पडतात म्हणून कापायला ग्राइंडरऐवजी हॅक्सॉचं पातं किंवा नट फोडायचं हत्यार वापरा. मग आतल्या बाजूने हात पोचतो का ते बघा. पोचत असेल तर ३ मिमीच्या पट्टीवर वेल्ड केलेला नवा नट मागून सरकवा, पट्टीचं टोक वाकवून ठेवलं की फिरत नाही. पत्रा न कापता काम होतं. वेल्डिंग टेबलावर करायचं, गाडीत नाही.

नट शाबूत पण आटे खराब असतील तर ८ बाय १.२५ चा आटे पाडायचा टॅप तेल लावून फिरवा. आटे पूर्णच गेले असतील तर १० एमएमचा टॅप मारायचा मोह टाळा आणि तारेची स्प्रिंग असलेला आट्याचा इन्सर्ट बसवा. बोल्ट चारही बाजूंनी एकाच मापाचे राहिलेले बरे.

गाडी गोव्याची म्हणता, तर एक काम जरूर करा. बंपर बाहेर आहे तोवर ब्रॅकेटच्या मागचा पत्रा पेचकसाच्या टोकाने ठोकून बघा. टणक आवाज आला तर ठीक. टोक आत रुतलं तर बंपरचं काम थांबवा, आधी पत्र्याचं काम. खारट हवेचा गंज नेमका या दुहेरी पत्र्याच्या जोडात बसतो आणि वरून डांबराखाली दिसत नाही.

शहापूर_निकेल

क्रोमचं मी सांगतो. पट्टी सरळ असेल आणि फोड फक्त एका टोकाला असतील तर मूळ पट्टीच करून घ्या, जर्मन पत्रा आहे.

काय होतं, लोक पट्टी पॉलिशवाल्याकडे टाकून येतात आणि ‘चकचकीत करा’ म्हणून सांगतात. चकाकी क्रोमची नसते. क्रोमचा थर मायक्रॉनच्या तिसऱ्या हिश्शाएवढा, खालचं निकेल त्यातून जवळजवळ आरपार दिसतं. गंज अडवतं तेही निकेल. म्हणून विचारायचा प्रश्न एकच: निकेल किती मायक्रॉन देणार? गाडीच्या बाहेरच्या भागाला ३० च्या आसपास पाहिजे, तेही दोन थरांत, आधी अर्ध-चमकीचं आणि वर चमकीचं. घरातल्या नळाला असतो तसला ८-१० मायक्रॉनचा थर खानापूर-जांबोटीच्या पावसात एक हंगाम काढतो. बंपर घेताना पेंटवाल्यांच्या गेजने माप दाखवलं तर हसून सोडून द्या. निकेलला स्वतःलाच चुंबक लागतं, म्हणून लोखंडावरचं निकेल त्या गेजने नीट मोजता येत नाही. जाडी कशी मोजता, हे आधीच विचारून ठेवा.

दुसरा प्रश्न: प्लेटिंगचा हौद केवढा? पट्टी दीड मीटरच्या आसपास. आखूड हौदात अर्धी-अर्धी बुडवली तर मध्ये पट्टा दिसतो, तो कशानेही जात नाही. टोकांना करंट जास्त खेचला जातो म्हणून टोकं करपतात, राखाडी खरखरीत होतात. जाणकार कारागीर टोकांपाशी चोर-तार बांधतो, जादा करंट ती खाते. तार बांधणार का विचारलंत की समोरच्याला काम येतं की नाही ते कळतंच.

जादा भोकं बुजवणं हे प्लेटिंगच्या आधीचं काम आणि पट्टी आधी सोललेली पाहिजे. क्रोम-निकेल अंगावर असताना वेल्ड मारला तर वेल्डमध्ये बारीक भोकांची जाळी पडते आणि धूरही वाईट. क्रोम मिठाच्या ॲसिडमध्ये निघतं, निकेल उलट्या करंटने काढतात. ॲसिडमध्ये जास्त वेळ ठेवू देऊ नका, खालचा पत्रा खाऊन खड्डे पडतात आणि मग ते भरत बसावे लागतात. सोलल्यावर भोकाच्या मापाची त्याच जाडीची टिकली कापा, भोकात बसवा, मागे तांब्याचा तुकडा दाबून धरा आणि टिगने वेल्ड करा. एका भोकाला सलग फेरा नको. समोरासमोर ठिपके द्या, हात लावता येईल एवढं गार होऊ द्या, मग पुढचे. सलग मारलं की पट्टीच्या गोलाईत खळगा पडतो, कच्च्या पत्र्यावर तो दिसत नाही, क्रोम झाल्यावर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब तिथे वाकडं होतं.

लांबी किंवा पुटी घालून भोक बुजवणाऱ्याकडून पट्टी लगेच परत घ्या. पुटीतून करंट जात नाही, त्यामुळे तिच्यावर निकेल बसत नाही, आणि हौदाचं पाणीही बिघडतं.

वेल्ड घासून झाला की ८०, १२०, १८०, २४०, ३२०, ४०० नंबरच्या पॉलिश पेपरचे सगळे टप्पे. मधला एक जरी गाळला तरी ओरखडे शेवटी वर येतात. मग तांबं. लोखंडावर थेट ॲसिडचं तांबं बसत नाही, बसल्यासारखं दिसतं आणि सालपटासारखं निघतं. आधी सायनाइडच्या हौदातला पातळ थर, त्यावर ॲसिडचं जाड तांबं. बारीक खड्डे या तांब्यातच भरून घासून जातात. तांब्याच्या टप्प्यावर पट्टी बघायला या. वेल्डची जागा, खळगे, ओरखडे तेव्हाच दिसतात आणि तेव्हाच दुरुस्त होतात. निकेल चढल्यावर सांगून उपयोग नाही.

पट्टीचं आतलं अंग खोलगट असल्याने तिथे करंट पोचत नाही, थर नावालाच असतो. गंज मागूनच सुरू होतो आणि भोकातून पुढे येतो. घरी आणल्यावर आतलं अंग हलकंच घासून एपॉक्सी प्रायमरचे दोन हात आणि वर चांदीचा रंग द्या. आणि हो, मोठ्या ग्रेडचे बोल्ट, १०.९ किंवा त्यावरचे, बंपरबरोबर प्लेटिंगला टाकू नका. ॲसिड आणि करंटमुळे पोलादात हायड्रोजन शिरतो, बोल्ट ठिसूळ होतो आणि आवळून ठेवलेला असताना एक दिवस आपोआप तुटतो. दिसणारे बोल्ट ८.८ च्या आतलेच घ्या.

खडेबाजार_स्पेअर

स्टेनलेसचीही बाजू येऊ द्या. व्हिएतनाममध्ये जुन्या गाड्यांचे स्टेनलेस बंपर बनतात, बीटलचेही मिळतात. पाऊस आणि घाट बघता ते टिकाऊ, पण घेताना तीन गोष्टी.

ग्रेड ३०४ पाहिजे. चुंबक लावून ‘बघा, चिकटत नाही’ म्हणून दाखवतात, त्याला भुलू नका. स्वस्त २०० सिरीजलाही चुंबक लागत नाही. उलट खऱ्या ३०४ ला वाकवलेल्या जागी थोडं लागतं. भांड्यांच्या बाजारात ३०४ ओळखायची थेंबाची बाटली मिळते, मागच्या अंगाला थेंब टाकून रंग बघा. जाडी दीड मिमी मागा, एक मिमीची पट्टी हाताने दाबली तरी लवते.

दुसरं, काही सेट दोन-तीन तुकड्यांत येतात, मागून बोल्टने जोडायचे. पार्सल लहान होतं, पण सांधा समोरून दिसतो. अखंड मागवलं तर कुरिअर वजनावर नाही, खोक्याच्या मापावर पैसे घेतं. सेंटिमीटरमध्ये लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले ५०००. १६० बाय ४० बाय २५ चं खोकं म्हणजे ३२ किलोचा हिशेब, आत पट्टी चारदोन किलोची का असेना. वर कस्टम ड्यूटी. हे सगळं मिळवून मग क्रोमशी तुलना करा.

तिसरं, स्टेनलेसची पट्टी आणि लोखंडी ब्रॅकेट थेट चिकटले की ओलाव्यात ब्रॅकेट लवकर गंजतो. मध्ये रबर किंवा नायलॉनची चकती. स्टेनलेसचे नट-बोल्ट लावणार असाल तर आट्यांना कॉपर ग्रीस लावा आणि हाताच्या पान्याने सावकाश आवळा. एअर गनने आवळलं की आटे एकमेकांत अडकून बसतात, मग कापण्याशिवाय इलाज नाही.

आणखी एक, स्टेनलेसची चमक क्रोमपेक्षा किंचित पिवळसर. पुढे स्टेनलेस आणि मागे जुना क्रोम असं केलंत तर फरक दिसतो. करायचं तर दोन्ही बंपर.

शहापूर_निकेल

पिवळसरचा मुद्दा बरोबर. पण हेडलाइटच्या कड्या, हबकॅप हे सगळं क्रोमच राहणार ना? म्हणून माझं मत मूळ पट्टीलाच.

चिकोडी_जुनंसोनं

दांडा काढू नका असं कुणीच म्हणत नाही म्हणून मी म्हणतो. अमेरिकन बंपरही कंपनीचाच आहे. आपल्या ट्रॅफिकमध्ये बॉनेटची खालची कड तो वाचवतो. बुटक्या ओव्हररायडरच्या गाडीला समोरून रिव्हर्स घेत येणाऱ्या टेम्पोचा हुक थेट पत्र्यात बसतो.

कायद्याचं म्हणाल तर डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या वाहतूक खात्याने क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करायला सांगितलं, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा आधार घेऊन. कंपनीचा मूळ दांडा म्हणजे बाहेरून लावलेला गार्ड नव्हे, पण रस्त्यावर अडवणाऱ्याला हे समजावून सांगावं लागतं. जुन्या माहितीपत्रकाची प्रत गाडीत ठेवली की बोलणं कमी होतं.

२०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणी करायची असेल तर पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात ठेवलेली गाडी लागते. चेसिस, बॉडी शेल, इंजिन यांत मोठा बदल नको. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरण ५,००० रुपये, नंबरात ‘व्हीए’ येतं. त्या गाडीचा रोजचा किंवा धंद्याचा वापर चालत नाही, हे लक्षात घेऊन ठरवा.

टिळकवाडी_बीटल

मूळ पट्टीलाच क्रोम करायचं ठरवतो, अमेरिकन दांडा तेल लावून माळ्यावर ठेवतो. शेवटचा प्रश्न: पुढची नंबर प्लेट आत्ता दांड्याला क्लिपने अडकवलेली आहे. दांडा गेला की ती लावायची कुठे? पट्टीत भोक पाडायचं नाही म्हणालात.

उद्यमबाग_फिटर

हाय सिक्युरिटी प्लेट ५०० बाय १२० मिमीची. ती पट्टीच्या समोर लावली तर पट्टी झाकली जाते आणि एवढा खर्च करून क्रोम दिसत नाही. पट्टीच्या खाली लटकवा. २५ बाय ३ मिमीच्या दोन पट्ट्या घ्या, वरच्या टोकाला हुकासारखा बाक द्या, तो बंपरच्या पट्टीच्या वरच्या कडेला मागून अडकेल. खालच्या कडेला उलटा हुक आणि दोन्ही हुक मागच्या बाजूने ६ एमएमच्या बोल्टने एकमेकांकडे ओढायचे. हुकांच्या आत सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवा. पट्ट्यांमधलं अंतर प्लेटच्या भोकांप्रमाणे ठेवा, प्लेट हातात आल्यावर मोजा.

प्लेटचं खालचं टोक स्पीडब्रेकरला लागणार नाही एवढं वर पाहिजे. गाडीत पुढे दोन माणसं बसवून मोजा. प्लेटच्या मागे पातळ ॲल्युमिनियमची आधारपट्टी द्या, नाहीतर वाऱ्याने प्लेट थरथरते आणि भोकापाशी चिरते. फिटिंगवाला ड्रिल घेऊन बंपरकडे वळला तर आधीच थांबवा. त्याला हुक आणि पट्ट्या तयार करूनच गाडी दाखवा. आणि प्लेट लावण्याआधी पट्टीचा मागचा रंग पूर्ण वाळलेला असू द्या, एपॉक्सीला थंडीच्या दिवसांत आठवडा लागतो. त्याआधी हुक आवळले की रंगात रुततात आणि गंजाला जागा होते.

टिळकवाडी_बीटल

मिळालं सगळं. शहापूरकर, तांब्याच्या टप्प्यावर बघायला यायचं तर उजेडात काय बघू?

शहापूर_निकेल

ट्यूबलाइटखाली पट्टी धरून हळूहळू फिरवा. प्रकाशाची रेघ एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकताना न तुटता, न वाकता गेली पाहिजे. भोक बुजवलेल्या जागी रेघ थबकली की खडूने खूण करा आणि परत घासायला द्या. बोटांनी हात फिरवू नका, हाताचं तेल लागलं की निकेल तिथे धरत नाही. हातमोजे घालूनच.